बरं वाटतंय, मग जायचं कशाला?

नैराश्याच्या आजारात मला सर्वांत धास्ती वाटते ती एका आनंदाच्या वाक्याची: ‘आता बरं वाटतंय.’ हे रुग्ण म्हणतो, घरचे म्हणतात, आणि त्याच आठवड्यात गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात जाऊन पडतं, पुढच्या तारखेची चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुतली जाते. झोप येऊ लागली, दोन घास पोटात जाऊ लागले, माणूस कामावर जाऊ लागला. मग आता डॉक्टर कशाला? आणि ते तासभर बोलत बसणं तर कशालाच!

माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर घ्या. हे कारखान्याचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे नावारूपाला आलेलं. आज इथे गाळप होतं ते पांडुरंग सहकारी साखर कारखान्यात. आषाढीला तुकोबांची पालखी अकलूज-माळीनगरकडून बोरगावच्या मुक्कामाला याच वाटेने जाते. अकलूज जवळ, पंढरपूरही फार लांब नाही. पण जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथल्या मनोविकार विभागात दाखवायचं तर एक रोज बुडतो, भाडं जातं, सोबतीला कुणीतरी लागतं, आणि गावात कुणी विचारलंच तर ‘पोटाचं दाखवायला गेलो होतो’ असं सांगावं लागतं. एवढा आटापिटा माणूस आजार जोरात असताना एकदा करतो, दोनदा करतो. बरं वाटल्यावर तो पुन्हा करणं अवघडच. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

अडचण अशी की हा आजार परतून येतो. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा गाठतं. दोनदा येऊन गेलं असेल तर पुन्हा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते, आणि तिसऱ्यांदा झाल्यावर नव्वदच्या आसपास. मानसोपचारातले हे रूढ आकडे आहेत. ते मुख्यतः मोठ्या दवाखान्यांपर्यंत पोचलेल्या रुग्णांवरून काढलेले, म्हणजे थोडे चढेच असणार. तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे: प्रत्येक फेरी पुढच्या फेरीची वाट मोकळी करून जाते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्क्यांना उपचारच मिळत नव्हते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला काही आधार दिसत नाही.) उरलेल्या पंधरा टक्क्यांतले किती जण बरं वाटल्यावर मध्येच गळतात, हा पुढचा प्रश्न. या प्रकरणात आपल्याला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

मुळात बरा झालेला माणूस पुन्हा का ढासळतो? कॅनडातल्या टोरांटोमध्ये झिंडेल सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायला एक प्रयोग केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्यातून बाहेर आलेली 99 माणसं त्यांनी घेतली. काही गोळ्यांनी बरी झालेली, काही बोलण्याच्या उपचाराने. प्रत्येकाकडून आधी एक प्रश्नावली भरून घेतली. ‘एका कामात हरलो म्हणजे माणूस म्हणूनच हरलो’, अशा धाटणीच्या विधानांशी तुम्ही किती सहमत आहात, असं तीत विचारलेलं. मग त्यांना आयुष्यातला एखादा दुःखाचा प्रसंग आठवायला सांगितला आणि कानाला रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह यांची एक उदास रचना लावली, तीही निम्म्या वेगाने. एकदा ऐकून बघा, चांगल्या माणसाचाही जीव खाली बसेल. संगीत संपल्यावर पुन्हा तशीच प्रश्नावली.

उदास सगळेच झाले. गंमत प्रश्नावलीत होती. काहींचं मन उदास झालं, पण विचार जागेवर राहिले. काहींच्या बाबतीत मात्र एवढ्याशा उदासीने आजारपणातले जुने विचार जसेच्या तसे जागे केले: मी नालायक, माझ्याने काही होत नाही, मी घरावर ओझं. गोळ्यांनी बऱ्या झालेल्यांमध्ये हे जास्त दिसलं, बोलण्याच्या उपचाराने बऱ्या झालेल्यांमध्ये कमी. पुढचं दीड वर्ष या सगळ्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांचे विचार त्या दहा मिनिटांच्या उदासीने अधिक हलले होते, त्यांचाच आजार जास्त करून परतला.

उसाच्या रानात पाणी धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवा पाट कितीही नीट काढा, बांध जरा फुटला की पाणी जुन्या पाटालाच धावतं. नैराश्य ओसरतं तेव्हा तो जुना पाट बुजत नाही, फक्त कोरडा पडतो. मग उसाचं बिल लांबतं, मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, कधी नुसता सर्दी-तापाचा आठवडा येतो. दुसऱ्या माणसाला चार दिवस वाईट वाटून जाईल अशी गोष्ट. पण एकदा आजारून गेलेल्याचं मन थेट जुन्या वळणाला लागतं. गोळी ही उदासीची तीव्रता खाली ठेवते, आणि ती चालू आहे तोवर ते काम बऱ्यापैकी होतं. वळण ओळखायला मात्र माणसाला शिकावं लागतं.

बोलण्याचा उपचार म्हणजे धीर देणं नव्हे, आणि उपदेश तर मुळीच नव्हे. ‘मन खंबीर कर’, ‘लोकांना किती दुःखं असतात बघ’, ही वाक्यं गावात फुकट मिळतात आणि तेवढीच उपयोगी पडतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आरन बेक यांनी 1960 च्या दशकात जी पद्धत बांधली, तीत रुग्ण आणि उपचारक मिळून मनातला विचार कागदावर मांडतात आणि त्याची उलटतपासणी करतात. याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा आहे का? हेच शेजाऱ्याच्या बाबतीत घडलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो? आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत याच कुळातली. ती मराठी वाचकांना अनोळखी नाही. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती इथे आणली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आय. पी. एच. संस्थेने ती घराघरांत पोचवली.

बेक यांच्या या उपचाराचा टिकाऊपणा मोजणारा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया आणि व्हँडरबिल्ट या दोन विद्यापीठांतल्या स्टीव्हन हॉलन आणि सहकाऱ्यांनी उपचाराने सुधारलेले रुग्ण पुढे वर्षभर पाहिले. गोळी बंद केलेल्यांपैकी 76 टक्के पुन्हा आजारी पडले. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 47 टक्के. आणि बोलण्याचा उपचार पूर्ण करून तो संपवलेल्यांपैकी 31 टक्के. म्हणजे जो उपचार बंद झालेला आहे तो निदान चालू असलेल्या गोळीइतका तरी राखण करत होता. इटलीतल्या बोलोन्यात जोव्हान्नी फावा यांनी तर आधी गोळ्यांनी बरं केलं, मग हळूहळू गोळ्या उतरवताना निम्म्या रुग्णांना बोलण्याचा उपचार दिला. रुग्ण अवघे चाळीस; पण त्यांना सहा वर्षं पाहिलं. ज्यांना तो उपचार मिळाला त्यांच्यात आजार 40 टक्क्यांना परतला, इतरांत 90 टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण ‘बरं वाटतंय, मग बोलायचं कशाला’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: बोलायचं ते बरं वाटतंय म्हणूनच. आजार जोरात असताना विचारांची उलटतपासणी करण्याइतकं डोकंच चालत नाही.

सीगल यांनीच मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांच्याबरोबर बऱ्या झालेल्यांसाठी आठ आठवड्यांचा एक वर्गही रचला, ध्यान आणि विचारांची ओळख यांची सांगड घालणारा. त्यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारावरच्या 66 टक्क्यांना आजार परतला, वर्ग केलेल्यांपैकी 37 टक्क्यांना. दोनदाच आजारी पडलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. नंतर ब्रिटनमध्ये 424 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हा वर्ग आणि सतत चालू ठेवलेली गोळी यांचे निकाल दोन वर्षांनी जवळपास सारखे निघाले: 44 आणि 47 टक्के. इथे एक सांगितलं पाहिजे. ‘मग इगतपुरीला दहा दिवस बसून येतो,’ असं म्हणणारे मला भेटतात. विपश्यनेच्या शिबिराबद्दल मला आदर आहे, पण तो उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते करू नये असं शिबिरं घेणारेच सांगतात. मौनातले दहा दिवस आणि उपचारकाबरोबर बोलत, घरी सराव करत काढलेले आठ आठवडे यांत फार अंतर आहे.

हे सगळं टोरांटो, फिलाडेल्फिया, बोलोन्यात ठीक. श्रीपूरला कोण करणार? या प्रश्नाचं मला सर्वांत पटणारं उत्तर शेजारच्या गोव्यात सापडतं.

‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून गोव्यात काम करते. तिच्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2013 ते 2015 या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 495 रुग्ण निवडले, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. ते काही मनाच्या डॉक्टरकडे आलेले नव्हते. अंग दुखतं, झोप नाही, धडधडतं, असली गाऱ्हाणी घेऊन केंद्राच्या रांगेत बसलेली माणसं, बहुतेक बायका. एका छोट्या प्रश्नावलीने त्यांच्यातलं नैराश्य हेरलं. निम्म्यांना केंद्रातला नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला, निम्म्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटींचा बोलण्याचा उपचार. हा उपचार देणारे कोण, तर आसपासच्याच गावांतले, मानसशास्त्राचं पूर्वशिक्षण नसलेले लोक. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, नंतर सहा महिने प्रत्यक्ष कामाचा सराव करवून घेतला, आणि पुढे नियमितपणे एकत्र बसून एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकायची, गुण द्यायची सवय लावली. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पाचा जीव त्या शेवटच्या सवयीत आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून मोकळं होणं आपल्याकडे सोपं. दर आठवड्याला आपलं काम दुसऱ्याला ऐकवणं अवघड.

उपचाराचा गाभा साधा होता. ‘मन लागलं की करीन’ ऐवजी ‘करू लागलं की मन लागेल’. अमेरिकेत नील जेकबसन यांनी 1996 मध्ये दाखवलं होतं की बेक यांच्या पद्धतीतला नुसता कृतीचा भागसुद्धा सगळ्या पद्धतीच्या तोडीचा परिणाम देतो. विचारांची बारीक चिरफाड शिकायला वर्षं लागतात, पण माणसाला त्याच्या थांबलेल्या कामांकडे पायरी-पायरीने परत आणणं नीट शिकवलं तर गावातल्या बाईलाही जमतं. गोव्यात ते जमलं. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारावरच्या 39 टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं, बोलण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांचं. वर्षाने पहिला आकडा 48 वर गेला, दुसरा 63 वरच टिकला.

खरी बातमी त्यानंतरची. चार-पाच वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांचा एक गट त्या माणसांकडे, आणि ‘संगाथ’च्याच गरोदर स्त्रियांसाठीच्या दुसऱ्या प्रयोगातल्या बायकांकडे, पुन्हा गेला, मिळून 775 जण. ज्यांना कधीकाळी त्या मोजक्या भेटी मिळाल्या होत्या त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा 11 टक्के-बिंदूंनी कमी होतं. दोहोंतल्या अधिक परिणामकारक उपचाराने पाच वर्षांत सरासरी नऊ महिन्यांचं नैराश्य टळलं होतं, आणि त्याचा खर्च माणशी 66 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण चार हजार रुपये. स्वतःला हरलेलं समजणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात कमी निघालं. नोकरी वाढली नाही, घरखर्चाला जास्त पैसे आले नाहीत. तेवढं या उपचाराकडून मागायचंही नसतं. पण आयुष्यातून नऊ महिने परत मिळणं ही काय चीज आहे, ते ज्याने असे नऊ महिने काढलेत त्याला विचारा.

आता हे श्रीपूरच्या मातीत कसं दिसेल, ते कल्पनेने जरा जवळून पाहू. समजा, कारखान्याच्या शेतकी विभागातला, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा चाळिशीचा एक स्लिप बॉय आहे. हंगामात त्याचा फोन पहाटेपासून वाजतो. तोड कधी येणार, आमच्या आधी त्यांची कशी लागली, टोळी अर्धा फड टाकून का गेली. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की तो एकदम रिकामा. दोन वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या दिवसांत त्याला नैराश्याने गाठलं. आधी बाहेरचं बघून झालं, लिंबू-नारळ झाले, मग अकलूजला डॉक्टर. गोळीने फरक पडला. आता चौथी भेट चालू आहे, आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत, समुपदेशक ताईंबरोबर.

‘‘ताई, आता बरं हाय की. झोप लागती. आजून किती दिस यायचं?’’

‘‘दादा, बरं हाय म्हणूनच तर आज वेगळं काम करायचंय. मागच्या वेळी आजार आला, तेव्हा सगळ्यात आधी काय बदललं होतं?’’

‘‘काय न्हाई. एकदम आला.’’

एकदम कधीच येत नाही. ताई वाद घालत नाहीत, विचारत राहतात: झोपेचं काय, जेवणाचं काय, फोनचं काय? हळूहळू कागद भरतो. पहाटे तीनला जाग आणि मग डोळा लागत नाही. ओळखीचा नंबर दिसला तरी फोन वाजू द्यायचा. चार-चार दिवस दाढी नाही. स्टँडवरच्या चहाला फाटा, का तर कुणी काही विचारू नये. बायको बाहेर बसलेली असते, तिला आत बोलावलं जातं, आणि ती नवऱ्याला न सुचलेली खूण सांगते: ‘‘ताटावर बसत्यात, पण नुसता भात चिवडत्यात. आन् पोरावर उगंच खेकसत्यात.’’ हीसुद्धा कागदावर जाते. अनेकदा घरच्यांची खूण रुग्णाच्या खुणेच्या आधीची असते, कारण आजार पहिल्यांदा डोळ्यांवरच पडदा टाकतो.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला काय करायचं ते. इथे ताई ‘व्यायाम करा, छंद जोपासा’ असलं काही लिहू देत नाहीत. आजारात सुटलेली आणि मनाला थोडी तरी उभारी देणारी त्याची स्वतःची कामं कोणती? तो सांगतो: सकाळी गोठ्यात जाऊन म्हशीची धार काढणं, एकादशीला मंदिरात भजनाला बसणं, मृदंग तो बरा वाजवायचा, मेहुण्याला फोन करणं. मग ती कामं लहान केली जातात. भजनाला तीन तास बसायचं नाही, एक अभंग होईतो बसायचं आणि उठून यायचं. दिवस ठरवायचा, वेळ ठरवायची, आणि करण्याआधी व नंतर मन कसं होतं ते दहापैकी आकड्यात लिहायचं. ‘देवाचं नाव घे, बरं वाटेल’ हा गावातला सल्ला आणि हे काम वरून सारखंच दिसतं. फरक असा की सल्ला देणारा निघून जातो, आणि बरं वाटलं नाही तर ऐकणारा स्वतःला आणखी नालायक ठरवतो. इथे बरं वाटलं नाही तर पुढच्या भेटीत काम बदलतात. वारीत अनेकांना हलकं वाटतं, त्यातही रोजची ठरलेली चाल, ठरलेली माणसं आणि विसावा यांचा वाटा असणारच. पण पालखी वर्षातून एकदाच दारावरून जाते.

शेवटी तिसरी गोष्ट: तीन खुणा एकदम दिसल्या आणि आठवडाभर टिकल्या तर कुणाला फोन करायचा. ताईंचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, मेहुण्याचा नंबर. आणि हंगाम संपतो तेव्हाची एक भेट आजच ठरवून ठेवायची, कारण मागच्या वेळी तेव्हाच घसरण झाली होती. कागदाची एक प्रत त्याच्या पाकिटात, एक बायकोकडे.

एवढंच आहे. यात मनाच्या तळघराचा शोध नाही, बालपणीचं दुःख उकरणं नाही. पण गोव्यातल्या उपचाराच्या शेवटच्या एक-दोन भेटी नेमक्या अशा कामाला राखून ठेवलेल्या होत्या. तिथे 69 टक्के लोकांनी उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण केला. गरज पडली तिथे भेटी रुग्णाच्या घरी किंवा फोनवर घेतल्या. श्रीपूरच्या माणसाचा बुडणारा रोज वाचवायचा असेल तर हे अनुकरण करण्याजोगं आहे.

महाराष्ट्रातही या कामाला हात लागलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातल्याच आरोग्यसेविकांना आणि समुपदेशकांना तयार केलं, तेव्हा नैराश्य असूनही उपचाराला न येणाऱ्यांचं चित्र बदललं: आधी शंभरातले चारच जण कुणाकडे तरी पोचत होते, दीड वर्षाने 27. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ने गावकऱ्यांनाच मन मोकळं करायला मदत करणारे मित्र म्हणून शिकवलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सरकारने 2015 मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला. सोलापूरचा नंबर त्यात नव्हता, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. या सगळ्यांच्या अहवालात एक रकाना मला नेहमी खटकतो, किंवा खरं तर त्याचं नसणं खटकतं. किती रुग्ण तपासले, किती जणांना गोळ्या दिल्या, हे लिहिलेलं असतं. बरे झालेल्यांपैकी वर्षाने किती बरे राहिले, हे कुणी विचारत नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी माणूसही नेमला जात नाही आणि पैसाही ठेवला जात नाही. आशाताईंच्या खांद्यावर आणखी एक वही टाकून हे होणार नाही. त्यांच्याकडे आधीच वह्यांचा ढीग आहे. आरोग्य केंद्रामागे पगारी समुपदेशक हवा, आणि त्याचं काम ऐकणारा कुणीतरी हवा.

गोळ्यांबद्दल राहिलं. बोलण्याचा उपचार चालू आहे म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तरी पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात. दोन-तीनदा येऊन गेलं असेल तर त्याहून बराच जास्त काळ. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, आणि आजार परतला की गोळी सुटल्याचा हा त्रास, ते रुग्णाला कळेनासं होतं. उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आणि शक्यतो बोलण्याच्या भेटी चालू असतानाच. आणि हेही खरं की सगळं नीट करूनही काहींना आजार परततो. वर दिलेल्या आकड्यांत 31 टक्के आहेत, 37 आहेत, 44 आहेत. ती माणसं आळशी किंवा दुबळी नव्हती. त्यांच्यासाठी फायदा एवढाच की दुसऱ्या खेपेला ती लवकर ओळखतात आणि लवकर येतात.

तुमच्या घरात कुणी नैराश्यातून नुकतंच बाहेर आलं असेल तर त्याची पुढची तारीख तुम्ही लक्षात ठेवा, त्याच्यावर सोपवू नका. कागद-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि मागच्या वेळच्या पहिल्या खुणा दोघांनी मिळून लिहा. जवळ समुपदेशक नसेल, मनात मरणाचे विचार येत असतील किंवा नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे: नंबर 14416, दिवसरात्र चालू, फोनला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.